कचेरीच्या भिंतीची धूळ

मला क्षय झालेला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आळंदच्या बाजारात मी समोरून येताना दिसलो की काही माणसं अजून उपरणं नाकाला लावतात. आमच्याकडं क्षयाला दिक म्हणतात. दिक लागलेल्या माणसाचं ताट वेगळं, अंथरूण वेगळं, त्याच्याशी बोलायची जागासुद्धा वेगळी. हे सगळं मी भोगलं, माझ्या बायकोनं भोगलं, आणि ज्या रोगाच्या नावानं भोगलं तो आम्हाला नव्हताच.

लिहिणं हा काही माझा धंदा नव्हे. शाळा उर्दूत झाली, कन्नड आईच्या तोंडची, मराठी वडिलांनी ओसरीवर बसवून शिकवली, ती कामाला आली. धुळीत काम करून जो कुणी खोकतो आहे, आणि ज्याला घरच्यांनी गोठ्यात नेऊन टाकलं आहे, त्यानं हे वाचावं. वाचता येत नसेल तर कुणाकडून वाचून घ्यावं. चिडलो की मला दम लागतो, म्हणून चिडू नका असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं आहे. पण न चिडता हे लिहिणं मला जमत नाही. तेव्हा थांबत थांबत लिहितो.

वाळूचा मारा

गुलबर्ग्याजवळ आळंदला आमचं तुरीचं दुकान. थोरला भाऊ मल्लप्पा, ज्याला मी अण्णा म्हणतो, तो गादीवर बसायचा आणि मी तराजू धरायचो. मला ते बैठं काम जमेना. दिवसभर गिऱ्हाइकाशी घासाघीस करायची आणि संध्याकाळी अण्णाचं ऐकून घ्यायचं, याचा मला वीट आला होता. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. गुलबर्ग्याला एका मोठ्या दगडी कचेरीच्या भिंती साफ करायचं काम निघालं. हैदराबादहून कुणी बडे साहेब येणार होते, आणि पावसाच्या शेवाळानं व धुरानं कचेरी पार काळी पडली होती. काथ्या, कुंचे, चुन्याचं पाणी, सगळं करून झालं होतं. काळं काही निघत नव्हतं.

मग एका कंत्राटदारानं सोलापूरकडून हवेचं यंत्र आणलं. तेलावर चालणारं इंजिन हवा कोंडायचं, मधे वाळूचं पिंप, आणि पुढं लांब रबरी नळी. नळीच्या तोंडाला लोखंडी तोटी. तोटी उघडली की वाळू इतक्या जोरानं भिंतीवर आदळायची की काळा थर उडून जायचा आणि आतला कोरा दगड बाहेर पडायचा. ते बघायला गावातली माणसं जमायची. मीही बघायलाच गेलो होतो. वरून हाक आली, "तोटी धरतोस का?" आणि मी परांचीवर चढलो.

खोटं कशाला सांगू, मला ते काम फार आवडलं. दोन्ही हातांनी तोटी धरायची, पाय रोवायचे आणि एका रेषेत भिंत उजळत न्यायची. खालून माणसं माना वर करून बघायची. माझ्या शेजारी करजगीचा रेवणप्पा असायचा. आम्ही दोघं संध्याकाळी खाली उतरायचो तेव्हा पापण्यांसकट पांढरे झालेले असायचो, आणि एकमेकांकडं बघून हसायचो. नाकातोंडाला घरचा रुमाल बांधलेला असे. काम सुटलं की कंत्राटदाराचा माणूस प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा. गुळानं धूळ पोटात उतरते आणि सकाळी निघून जाते, असं तो सांगायचा. आम्हाला ते पटत होतं, कारण आमच्या घरीही तेच म्हणायचे.

आता एक गोष्ट नीट ऐका. यंत्राबरोबर जाड कापडाची दोन टोपरी आली होती. डोकं, मान, खांदे झाकणारी, डोळ्यांपुढं काच बसवलेली, आणि आत चांगली हवा यावी म्हणून मागून नळी जोडलेली. त्यातलं एक मिस्त्री घालायचा. दुसरं कंत्राटदाराच्या मोटारीत ठेवलेलं असायचं. तो काम बघायला आला की ते डोक्यावर चढवायचा आणि लांब उभा राहून बोटानं दाखवायचा, इथं राहिलं, तिथं राहिलं. लांब उभं राहायला त्याला टोपरं लागत होतं. तोटीमागं उभ्या असलेल्या आम्हाला रुमाल पुरत होता. त्याला माहीत होतं, हे माझं सगळं म्हणणं आहे.

फुकटची धूळ

एकदा भिंतीवर आदळलेली वाळू पुन्हा कामाला येत नाही. तिचं पीठ होतं. भिंतीखाली त्याचे ढीग साचायचे आणि ते गाडीनं उचलून गावाबाहेर टाकावे लागायचे. कंत्राटदारानं ती कटकट मिटवली. म्हणाला, "बायकांना सांगा, लागेल तेवढं घेऊन जा. रांगोळीला असलं पीठ कुठं मिळणार नाही. भांडी तर चांदीसारखी निघतील." आम्ही त्याचे आभार मानले. मी तर वाकून मानले.

माझी बायको गौरव्वा तेव्हा गुलबर्ग्यात माझ्याजवळच होती. एका खोलीत आमचा संसार, आणि नुकती चालायला लागलेली आमची मुलगी नीलव्वा. गौरव्वा हुशार बाई. पहिल्या दिवशी तिनं तांब्या घासून बघितला, दुसऱ्या दिवशी दारात रांगोळी काढून बघितली आणि तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "रोज एक पोतं आणायला काय होतंय तुम्हाला?" मग ती ते पीठ जुन्या लुगड्याच्या कापडातून गाळायची. जाड राहिलं ते भांड्यांना, बारीक पडलं ते रांगोळीला. सणाच्या आधी मापानं विकायची. आजूबाजूच्या बायका मागून घ्यायच्या.

ते बारीक पीठ वाऱ्यानं उडून जायचं, म्हणून ती दार लावून घ्यायची आणि खिडकीत पोत्याचा बोळा कोंबायची. मी कामावरून आलो की आधी दारावर थाप मारायचो आणि गौरव्वा आतून ओरडायची, "थांबा, उडायलंय." दार उघडलं की आत नीलव्वा त्या पिठात बोटानं रेघोट्या मारत बसलेली असायची. तिच्या केसांवर, भुवयांवर पांढरं. मी तिला उचलून घ्यायचो आणि मायलेकी दोघी सटासट शिंकायच्या. मला तेव्हा त्याचं हसू यायचं.

आळंदच्या दवाखान्यात

कचेरी झाली, मग एका सावकाराची हवेली, मग आणखी एक सरकारी इमारत. अशी काही वर्षं गेली. आधी चढ चढताना दम लागायला लागला. मग परांची चढताना. मग कोरडा खोकला, तो जाईना. अंगावरचं मांस उतरलं, सदरा लोंबायला लागला. सणाला आळंदला आलो तेव्हा अण्णा बघतच राहिला. तो मला हाताला धरून तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. पोरीला घेऊन गौरव्वाही मागून आली.

तिथल्या डॉक्टरनं पाठीवर बोटं वाजवली, डोळ्याची पापणी ओढली, घरात कुणाला असं झालं होतं का म्हणून विचारलं. काय काम करतोस, हे विचारलं नाही. मी होऊन सांगितलं नाही, कारण माझ्या कामाचा आणि खोकल्याचा काही संबंध असेल असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. "दिक," तो म्हणाला, माझ्याकडं न बघता, अण्णाकडं बघून. तेवढ्यात बाहेर बाकावर बसलेली गौरव्वा खोकली. डॉक्टरनं दाराकडं बघितलं आणि म्हणाला, "बायकोलाही लागलाय."

दवाखान्यात येताना अण्णानं माझा हात धरला होता. घरी परत जाताना तो रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं चालला. घराच्या दारात आल्यावर मात्र त्यानं आम्हाला पायरीवर थांबवलं, वैनीला हाक मारली आणि म्हणाला, "नीलीला आत घे." वैनीनं पोरीला गौरव्वाजवळून काढून घेतलं. नीलव्वा रडलीसुद्धा नाही, तिला वाटलं खाऊ मिळणार. दार लागलं.

"अण्णा, ही कसली रीत काढलीस?" मी विचारलं.

"तुझ्याच पोरीसाठी करायलोय," तो दाराला पाठ लावून म्हणाला. "उद्या तिचं लगीन व्हायचं हाय. दिकाच्या घरची पोरगी कोण करून घेतंय? तुमी दोघं मळ्यात राहा. खायाप्यायाला काय कमी पडू देणार न्हाई."

त्यानं खरंच काही कमी पडू दिलं नाही. मळ्यातल्या खोपीत आमची अंथरुणं आली, भांडी आली. गडी रोज भाकरी आणून विहिरीजवळच्या दगडावर ठेवायचा आणि लांबूनच हाक मारायचा. एकदा मी त्याला म्हणालो, "बस की जरा." तो म्हणाला, "बसलो असतो, पण मालक विचारतेत." त्याचा राग मला आला नाही. अण्णाचा आला. त्याहून जास्त राग आला तो गौरव्वाच्या खोकल्याचा. ती खोकली की मी तिच्या अंगावर खेकसायचो, जणू तिनं मुद्दाम माझ्याकडून रोग घेतला होता. आणि तिला वाटत होतं, मी तिला दिला. आम्ही दोघं त्या खोपीत एकमेकांकडं पाठ करून झोपायचो. कुणी कुणाला काही दिलं नव्हतं, हे सांगायला तिथं कुणी नव्हतं.

मुलीला आम्ही लांबून बघायचो. मळ्याच्या बांधावर उभं राहिलं की गावाकडची वाट दिसायची. कधी वैनी तिला घेऊन देवळाला जायची तेव्हा परकर दिसायचा. गौरव्वा हाक मारायची नाही. हाक मारली असती तर पोरगी पळत आली असती, आणि मग आम्हीच तिला हाकलली असती.

वॉर्डातले दिवस

तिथं मरायची वाट बघत बसायचं नाही, हे गौरव्वानं ठरवलं. तिच्या माहेरच्या एका बाईचा ताप सोलापूरकडच्या कुठल्याशा मिशनच्या दवाखान्यात बरा झाला होता, एवढ्या भांडवलावर तिनं मला गाडीत घातलं. अक्कलकोटपर्यंत बैलगाडी, पुढं आगगाडी. डब्यात खोकला दाबून माझे डोळे बाहेर यायला लागले होते, कारण खोकलो असतो तर लोकांनी उतरवलं असतं.

दवाखान्याचा दिवस फार लवकर सुरू होतो. अजून झुंजूमुंजू असतं तेव्हा ताप बघायची काचेची कांडी तोंडात. मग बशीत थुंकी द्यायची, मग दूध, मग फरशी पुसणारी आया, तिची बादली खाटेला आपटायची. मला उकडलेलं अंडं दिलं, ते आमच्यात चालत नाही. मी ते परत केलं तेव्हा नर्स बाई रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी काही न बोलता दुसऱ्या दिवसापासून दुधाचा पेला मोठा केला. असल्या गोष्टी माणूस विसरत नाही. शेजारच्या खाटेवर गिरणीतला एक म्हातारा होता, त्याला खरा क्षय होता. तो रोज सकाळी विचारायचा, "तुझ्या थुंकीत किडं घावलं का रं?" मी म्हणायचो, न्हाई. तो म्हणायचा, "नशिबाचा हायस. माझ्यात बक्कळ हाइत." एक दिवस त्याच्या खाटेवर नवीन चादर दिसली. मी त्या दिवशी दूध प्यालो नाही. मरणाची खरी भीती मला त्या चादरीनं दाखवली.

माझी थुंकी त्यांनी पुन्हा पुन्हा तपासली. काही सापडेना. मग छातीचा फोटो काढायचं ठरलं. कंपाउंडर म्हणाला, "गळ्यातलं काढ." गळ्यात माझं इष्टलिंग, चांदीच्या डबीत. ते अंगावेगळं करत नाहीत. मी नाही म्हणालो. तो म्हणाला, मग फोटो नाही. मी म्हणालो, राहू दे. मरायला टेकलो होतो तरी माझा ताठा गेला नव्हता. इतक्यात डॉक्टरीणबाई आल्या. त्या तेलंगणाकडच्या, दखनी हिंदी आणि मराठी मिसळून बोलायच्या. त्यांनी डबीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "डोक्याला बांधलं तर चलता क्या?" चालतं. अंगावर असलं की झालं. मी डबी रुमालात बांधून कपाळावर घट्ट आवळली आणि तसाच त्या यंत्रापुढं उभा राहिलो. कंपाउंडरला हसू आवरत नव्हतं. बाई हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्या फोटो उजेडाला धरून बराच वेळ बघत राहिल्या. मग खाटेजवळ स्टूल ओढून बसल्या.

"काम काय करता?"

एवढ्या दिवसांत हे मला पहिल्यांदा कुणी विचारत होतं.

"भिंती धुतो," मी म्हणालो.

"पानी से?"

"न्हाई. वाळूनं."

त्यांनी सगळं सांगायला लावलं. यंत्र, नळी, तोटी, रुमाल. टोपऱ्याचं मी सांगितलं तेव्हा त्यांनी मला थांबवून पुन्हा सांगायला लावलं, कोण घालायचं, कोण नाही. मग म्हणाल्या, "दिक नहीं है. धूळ आहे. दगडाची धूळ छातीत जाऊन बसली." मी विचारलं, निघेल का? त्यांनी मान हलवली. "गेली ती गेली. आता जेवढी छाती उरली, तेवढी सांभाळायची."

मला आनंद व्हावा की रडावं, कळेना. क्षय नव्हता. पण क्षयावर हवा, दूध, आराम असं काहीतरी सांगतात तरी. माझ्यावर सांगायलासुद्धा औषध नव्हतं. मी एवढंच विचारलं, "मग माझ्या बायकोला कसा लागला?"

बाईंनी खाटेच्या पायथ्याशी बसलेल्या गौरव्वाकडं बघितलं. "तू भी वहाँ काम करती थी?"

"मी कशाला? मी घरातच हुते," गौरव्वा म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "रांगोळी गाळत हुते." आणि मग ती स्वतःच बोलत सुटली, पोतं, कापड, खिडकीतला बोळा. बाईंनी विचारलं, "दार का लावलं?"

"उडून जाऊ ने म्हणून."

बोलून झाल्यावर तिनं हात तोंडावर ठेवला. बाईंनी लगेच पुढचं विचारलं, तो प्रश्न मी आयुष्यभर विसरणार नाही. "बच्ची कुठं होती?"

गौरव्वा माझ्याकडं बघायला लागली. तेच उत्तर होतं. बाई म्हणाल्या, तिला आधी घेऊन या, मी तिची छाती बघते. आणि मग त्या जे बोलल्या त्यानं माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या म्हणाल्या, तुमच्या भावानं भलत्याच कारणानं पोरीला उचललं, पण त्या खोलीतून ती बाहेर पडली, हे बरंच झालं. बाईंचं खरं होतं; पुढं त्यांनी नीलव्वाची छाती बघितली तेव्हा ती साफ निघाली. अण्णानं नकळत माझी मुलगी वाचवली. त्यासाठी मी त्याचे आभार मानलेले नाहीत. वाकून आभार मी एकदाच मानले, आणि ते चुकीच्या माणसाचे.

कंत्राटदाराचं उत्तर

दम जरा बसल्यावर त्यांनी मला घरी सोडलं. गौरव्वाचा खोकला दवाखान्यातच कमी झाला होता. तिची छाती माझ्याइतकी बिघडली नव्हती. पण घर कुठलं? गावाच्या लेखी आम्ही अजून दिकवालेच होतो. मिशनच्या बाईंचं कोण ऐकणार? अण्णाला पटलं तरी तो म्हणणार, गावाला कोण सांगतंय? मला वाटलं, ज्याची धूळ त्यानंच येऊन सांगावं. म्हणून आळंदला न जाता मी आधी गुलबर्ग्याला उतरलो.

कंत्राटदार एका नव्या इमारतीपुढं उभा होता. परांचीवर दोन नवीन माणसं, तोंडाला रुमाल. मी त्याच्याजवळ गेलो आणि सांगितलं की मला पैसाअडका काही नको. तुम्ही आळंदला या, माझ्या भावासमोर आणि चार माणसांसमोर एवढंच सांगा की हा रोग धुळीचा आहे.

"धुळीनं कधी माणूस आजारी पडतो का?" तो म्हणाला. "आपण सगळे धुळीतच वाढलो."

"मग तुमच्या डोक्यावर ते टोपरं कामून असतंय?"

"डोळ्यात जातं."

"आमाला डोळं न्हाईत?"

त्यानं माझ्याकडं नीट बघितलं आणि आवाज उतरवून म्हणाला, "मी तुझ्या गावात येऊन एकदा तसं बोललो, की उद्या रेवणप्पाच्या घरचे येतील. मग मी किती गावं हिंडू?"

रेवणप्पा गेल्याचं मला असं कळलं. करजगीला, गोठ्यात. दिक म्हणून. त्याच्या मागं घराला चुना मारला, कपडे जाळले, आणि बायकोला माहेरी पोचवली. कंत्राटदाराला हे सगळं ठाऊक होतं आणि नवीन माणसं वर चढलेली होती. मी त्यांना खालून ओरडून सांगायला गेलो तर इंजिनाच्या आवाजात माझा आवाज मलाच ऐकू येईना, आणि लगेच खोकल्याची उबळ आली. वरच्यांपैकी एकानं हात हलवला, त्याला वाटलं मी काम बघून खूश झालोय. मला तिथं त्या माणसाच्या नरडीला हात घालायचा होता. हातात तेवढा जोर नव्हता, हे माझ्या रागातलं सर्वांत वाईट दुखणं.

तेव्हा तुम्ही असल्या कामावर असाल तर एवढं करा. डॉक्टरनं विचारलं नाही तरी काय काम करता ते आधी सांगा. कामाचे कपडे आणि धूळ घरात नेऊ नका, कुणी फुकट दिली तरी. गुळावर विसंबू नका. आणि मालक तोंडाला काय लावतो ते बघा. तो लावतो ते तुम्हाला देत नसेल तर खाली उतरा.

सूप

आळंदला पोचलो तेव्हा गौरव्वा मळ्यात थांबली नाही. खोपीत गुलबर्ग्याहून आणलेलं एक पोतं पडून होतं, सणाला विकायचं म्हणून राखलेलं. त्यातलं सूपभर पीठ तिनं ओल्या फडक्याखाली झाकून घेतलं, एक गाळायचं कापड घेतलं आणि थेट अण्णाच्या दारात जाऊन उभी राहिली. थोरल्या दिराशी ती आजवर पदराआडूनच बोलली होती. त्या दिवशी पदर तिनं नाकाला बांधला आणि तोंडावर बोलली.

"भाऊजी, मला दिक हाय म्हणता. हे घ्या. आत जावा, दार लावा, खिडकी लावा, आन् हे सूपभर गाळून आणा. मग सांगा मी कामून खोकत हुते."

गल्लीतली माणसं थांबली. अण्णा म्हणाला, "काय बायामाणसाचा खेळ लावलायस?" पण माणसं बघत होती आणि अण्णा हट्टी. त्यानं सूप उचललं, धान्याच्या रिकाम्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. नीलव्वाला मागच्या अंगणात न्यायला गौरव्वानं वैनीला सांगितलं.

आतून आधी काहीच ऐकू आलं नाही. मग एक खाकरणं. मग खोकला. मग अण्णा शिंकत राहिला, थांबेच ना. तरी तो बाहेर येईना, इतका तो माझा भाऊ. शेवटी दार उघडलं. अण्णाच्या भुवया पांढऱ्या, डोळे लाल, नाकातून पाणी. त्यानं उंबऱ्याला धरून श्वास घेतला आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, "ह्यात तू रोज बसायचीस?"

"पोरीला घेऊन," गौरव्वा म्हणाली.

अण्णानं तोंड धुतलं, आणि मागच्या अंगणाकडं तोंड करून त्यानं हाक मारली, "नीली, तुझ्या अप्पाकडं जा." गल्लीतली माणसं पांगली. कुणाला पटलं, कुणाला नाही. अण्णाला पटलं होतं.

नीलव्वा आली. केवढी मोठी झाली होती. माझ्यापासून चार हातांवर ती थांबली आणि परकराचं टोक उचलून तिनं नाकातोंडाला लावलं. कुणी सांगितलं नाही तेव्हा. आधीच शिकवलेलं होतं, अप्पा दिसला की असं करायचं.

"ये की," मी म्हणालो.

"तू खोकू नको, मग येते," ती परकराआडून म्हणाली.

मी मान हलवली. ती आली, माझ्या मांडीवर बसली, आणि तिनं परकर खाली केला. मी दातावर दात दाबून बसलो. तिच्या डोक्याला तेलाचा वास येत होता. ती मला दुकानातल्या मांजरीची गोष्ट सांगत होती, आणि माझ्या छातीत ती उबळ वर वर येत होती. मला बोलता येत नव्हतं, म्हणून मी नुसता हुंकार देत होतो. ती वर बघून म्हणाली, "अप्पा, तुझ्या डोळ्यांतून पानी कामून यायलंय?" आणि तिथं माझा ताबा सुटला. मी तोंड फिरवलं आणि खोकत राहिलो, खोकत राहिलो, पोट दुखेपर्यंत.

वळून बघितलं तेव्हा ती तिथंच होती, माझ्या मांडीवर, एका हातानं माझा सदरा घट्ट धरून. दुसऱ्या हातानं तिनं परकर पुन्हा नाकाला लावला होता.